समेट, चेअरमन आणि मी

४ फेब्रुवारी

स्टाफ मीटिंग. नवीन हेडमिस्ट्रेस सिस्टर रोझलिन यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'समेट' लिहिलं. म्हणजे लिहायचं होतं, लिहिलं 'समेत'. कोणी बोललं नाही. या शाळेत मराठी शिकवते ती मी, आणि मीही गप्प. काय करायचं सुधारून? अर्थ तसाही कोणाला नको होता.

सि. रोझलिन यांचं म्हणणं: ईस्टरच्या आधी त्यांचा उपासकाळ येतो. त्या दिवसांत शाळेने गावाशी समेट करायचा. गावाने शाळेत यायचं, पावसात पडलेली कंपाउंडची भिंत बांधून द्यायची, बायांनी मागे भाजीपाला लावायचा. सगळे मिळून एक कुटुंब. शेवटी मोठा कार्यक्रम. पालक समितीचा चेअरमनही ठरवून टाकलाय.

दिगंबर शेठ. बी-बियाण्याचं दुकान.

चहा नाकात गेला. शेजारी तेलुगूची प्रमीला टीचर, ती पाठीवर थापटत म्हणे, "मेल्लगा, मेल्लगा." हळूच पीत होते बाई. नाव ऐकून गेला.

५ फेब्रुवारी

सि. रो. गेल्या जूनमध्ये बदलून आल्या, त्यांना माहीत नसेल म्हणून मधल्या सुट्टीत जाऊन सांगितलं. इथेही लिहून ठेवते. नाहीतर आणखी काही दिवसांनी लोक मलाच वेगळं पटवतील.

दोन वर्षं होत आली. सोमवारची प्रार्थना चालू होती. शेठची मुलगी श्रावणी, तेव्हा दुसरीत, रांगेतच कोसळली. मी उचलून व्हरांड्यात आणली, तोंडावर पाणी मारलं, बिस्किट दिलं. पोरगी तोंड उघडेना. बिस्किटाकडे बघून रडायला लागली. मला वाटलं घाबरली.

दुपारपर्यंत गावात बातमी: कुंदा टीचरनं पोरीला उन्हात उभं केलं. सकाळच्या प्रार्थनेला कुठलं ऊन! पण शेठ माणसं घेऊन, गाड्या घेऊन गेटावर हजर. माझी बॅग रस्त्यात फेकली. डबा उघडून भाकरी धुळीत. "गावात राह्याचं का नाई तुले?" तुले! मी त्याच्या मोठ्या बहिणीच्या वयाची. सगळी शाळा खिडक्यांत. आणि तेव्हाच्या मोठ्या सिस्टर माझ्या कानाशी लागून, "टीचर, हाथ जोड दो, बात खतम करो."

जोडले. बात खतम. त्या बदली घेऊन गेल्या. तरीही निम्म्या गावाने वर्षभर पोरं काढून दुसरीकडे घातली, मग एकेक करून परत आणली, कारण दुसरीकडची बस वेळेवर येत नव्हती. यालाच आता समेट म्हणायचं.

सि. रो. यांनी सगळं ऐकून घेतलं. डोळे भरले त्यांचे. मग म्हणाल्या, "इसीलिए तो समेट चाहिए, टीचर."

डोळे लवकर भरतात या बाईंचे. काही कामाचे नाहीत.

८ फेब्रु.

हे बेल्याच्या बाजारात वांगी विकून आले, जेवायला बसले, तेव्हा सांगितलं. म्हणे, "बरं झालं. भांडण मिटून जाईन."

भांडण कुठे झालं होतं? त्याने शिव्या दिल्या, मी हात जोडले. याला भांडण म्हणतात?

"तो मनानं वाईट नाई गं."

हे रोज टपरीवर शेठच्या बाकावर बसून चहा पितात. त्याच्या मनाची बातमी तिथे लागत असेल. मी गेटावर होते, मला तोंड ऐकू आलं. दुसरी पोळी वाढली नाही. त्यांनी मागितलीही नाही, स्वतः उठून घेतली.

१४ फेब्रु.

श्रमदान. खरं सांगायचं तर माणसं बरीच आली आणि काही जणांनी खरंच काम केलं. बायांनी झुणका-भाकर आणली होती. शेठ कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात, गळ्यात नवा दुपट्टा. एक वीट ठेवली. त्या विटेसोबत सरपंचाचा फोटो, सिस्टरचा फोटो, समितीचा फोटो, मग सगळ्यांचा एकत्र. विटेनेच कंटाळून खाली यावं.

मला बघून हात जोडले. "नमस्ते टीचर, बरं हाय ना?" जसं काही कोणाच्या लग्नात भेटलो.

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार. पोरं सिमेंटची पाटी घेऊन उभी होती.

त्याची बायको मंगला तिकडे वाफे करत होती. बाकी बाया माझ्याशी बोलल्या. ती बोलली नाही. माझ्याकडे पाठ करून माती भुसभुशीत करत राहिली, झालेली माती परत परत.

१७ फेब्रु.

श्रावणी या वर्षी माझ्याच वर्गात, चौथीत, आणि चौथीचं गणितही माझ्याकडेच. गणितात सगळ्यांच्या पुढे. उत्तर अचूक देते, पण देताना पंख्याकडे बघते. जूनपासून एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलेलं नाही. बापाने सांगितलं असेल. किंवा आजीने. त्या घरात सांगणारे खूप.

२० फेब्रु.

सि. रो. यांचा नवीन हुकूम: रोज शेवटी माफीचा तास. ज्याचं चुकलं त्याने समोर येऊन सांगायचं. मी प्रमीलाला म्हटलं होतं, नाटक होईल बघ.

नाटक झालं नाही. एक पोरगा, "मी याच्या डब्यातलं लोणचं खाल्लं अन् मांजरीचं नाव सांगितलं." एक पोरगी, "मी हिले जाडी म्हटलं. दोन डाव तोंडानं अन् लय डाव मनात." जिला म्हटलं तीही उठली, म्हणाली, "मी बी तुले म्हटलं होतं, मनात."

चौथीच्या पोरांना कळतं. काय केलं ते आधी सांगायचं, कोणाला केलं तिकडे बघायचं, मग माफी. हे समितीला कळत नाही, सरपंचाला कळत नाही, माझ्या नवऱ्याला कळत नाही.

शेवटी श्रावणी उठली. फळ्यापर्यंत आली. काही न बोलता परत जाऊन बसली. मी विचारलं नाही.

२७ फेब्रु.

सि. रो. यांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागदी कबुतरांचा ढीग. कार्यक्रमाचा बेत ऐकवला. मंचेरियलहून फादर पाहुणे येणार. स्वागतगीत, भाषण, मग 'मुख्य क्षण': स्टेजवर चेअरमन आणि मी एकमेकांना आंब्याचं रोप देणार. गावाचा आणि शाळेचा समेट.

विचारलं, "ते काय बोलणार?"

"कुछ बोलने की ज़रूरत नहीं. पौधा ही बोलेगा."

रोप बोलणार! मी म्हटलं, मग मला तरी कशाला चढवता, दोन कुंड्याच ठेवा स्टेजवर.

त्यांना हसू आलं नाही. "टीचर, दिल बड़ा रखो." माझंच ठेवायचं. शेठचं मोठं करायला कोणी जात नाही, तिथे दुकानात त्याची माणसं उभी असतात.

"नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी पोरं आणखी कमी झाली तर वरचे लोक शाळा बंद करतील, तसं कळवलंय. डोळे या वेळी भरले नाहीत. म्हणून खरं वाटलं.

बरं म्हणून आले.

१ मार्च

प्रमीलाला विचारलं, तू काय केलं असतं? म्हणाली रोप घेऊन घरी लावलं असतं, आंबे खाल्ले असते. हिचं बरं आहे. हिला या गावात राहायचं नाही, आदिलाबादच्या बसने घरी जाते.

हे म्हणतात, "एक मिनटाचं काम हाय. घे अन् उतर."

सगळ्यांना माझं एकच मिनिट पाहिजे आहे.

७ मार्च

विसरायच्या आत लिहिते.

मंडप, लाउडस्पीकर, सतरंज्या. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे. बॅनरवर माझं नाव 'कुंडा'. फादर तेलुगूत अर्धा तास बोलले, मधे मधे इंग्रजी. आपल्या बायांना कळलं नाही, पण फादर थांबले की टाळ्या. मग 'मुख्य क्षण'. पोरांनी कबुतरं हलवली. शेठ रोप घेऊन पुढे आला, कॅमेऱ्याकडे तोंड.

मी रोप घेतलं नाही. माइक घेतला. ठरवून गेले नव्हते, देवाशपथ.

म्हटलं, "शेठ, रोप मग. आधी सांगा, आपला समेट कशाबद्दल आहे?"

तो हसला. "जुनं झालं टीचर. आता कायले काढता?"

"पोरं रोज माफीच्या तासाला उभी राहून सांगतात काय केलं ते. तुम्ही चेअरमन आहात. या पोरांनी पाहिलंय गेटावर. त्यांना सांगा, मी त्या दिवशी काय केलं होतं?"

सि. रो. यांनी पेटीवाल्याला खूण केली, गाणं सुरू करा. पेटीवाला माझ्याकडे बघत बसला. शेठचा चेहरा बदलला, तो गेटावरचा चेहरा वर यायला लागला. मला वाटलं आता ऐकवणार.

तेवढ्यात डावीकडून मंगला उभी राहिली. पदर सावरला.

"मी सांगतो. पोरगी उपाशी होती त्या दिवशी. सोळा सोमवार धरले होते आमी. मले पोरगा व्हाव म्हून. मी धरले, अन् सासूबाईनं पोरीले बी धराले लावले, तुले भाऊ पाह्यजे असन त तू बी धर म्हणे. पोरीनं पाणी बी पेलं नव्हतं. यायले मालूम होतं. टीचरनं काईच नाई केलं."

बसली. पदर तोंडावर.

मला बिस्किट आठवलं. भावासाठी सात वर्षांची पोरगी बिस्किटाकडे बघून रडत होती, आणि बापाला माहीत असून तो गाड्या घेऊन आला, कारण 'पोरगा पाहिजे म्हणून पोरीला उपाशी ठेवली' हे सांगण्यापेक्षा 'टीचरनं उन्हात ठेवली' सांगणं सोपं. हा माणूस मला इतके दिवस रागीट वाटत होता. रागीट नाही. भित्रा आहे.

शेठने रोप खुर्चीवर ठेवलं आणि मंडपाच्या मागून निघून गेला. कोणीतरी गाणं सुरू केलं. फादर जेवून गेले. पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, चांगला झाला होता म्हणे.

९ मार्च

सि. रो. पुटपुटत नाहीत, मोठ्याने बोलतात. "आपने प्रोग्राम का क्या कर दिया! समेट हो रहा था." मी म्हटलं, सिस्टर, प्रोग्राम होत होता. समेट तर त्या बाईने उभं राहून सुरू केला, तुम्ही पेटी वाजवायला सांगत होता.

मग त्यांनी विचारलं, "वो उपवास वाली बात, बच्ची का... सच है?" हो म्हटलं. खिडकीकडे बघत बसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याबद्दल वाईट बोलावंसं वाटलं नाही.

मंगला माहेरी मुधोळला गेली. गेली की पाठवली, दोन्ही ऐकू येतंय.

बसस्टॉपवर बाया मला ऐकू जाईल अशा बोलल्या, "एका बाईचा संसार मोडला मास्तरनीनं." फादरला टाळ्या वाजवणाऱ्या याच.

१० मार्च

यांचं टपरीवर जाणं बंद. म्हणाले, "मले लोक विचारून राह्यले." मग बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत बसले. "भाकर धुळीत पडली होती, हे काऊन नाई सांगितलं मले तवा?"

सांगितलं होतं. हे तेव्हा त्याच बाकावरून चहा पिऊन आले होते आणि मला म्हणाले होते, तूच काही बोलली असशील.

आठवण करून दिली नाही. आज पहिल्यांदा विचारलंय, विचारू दे.

१२ मार्च

मंगलाचा फोन. नंबर ओळखीचा नव्हता.

"टीचर, पोरगी शाळेत येते का?"

"दोन दिवस आली नाही."

मी म्हटलं, मंगला, तू माझ्यासाठी उभी राहिली, मी... तिने पुढचं बोलू दिलं नाही. ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाई बोलले मी. तुमी पोरांसमोर विचारलं ना, त्या दिवशी काय झालं होतं म्हून. माही पोरगी समोर बसून माह्याकडे पाहत होती. म्हून बोलले."

फोन ठेवला.

बरं झालं, कोणीतरी माझंही नाक खाली केलं. स्टेजवरून उतरताना मी शेठसारखीच चालत होते, थोडी.

१६ मार्च

अर्ध्या दिवसाची शाळा सुरू. श्रावणी नाही. परीक्षा तोंडावर. समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप: 'चेअरमन लेफ्ट'. त्याच्यामागे एकेक 'लेफ्ट'. भाजीच्या वाफ्यांना पाणी घालायला कोणी येत नाही, मेथी जळाली.

सि. रो. यांनी स्टाफला विचारलं, श्रावणीच्या घरी कोण जाईल? सगळ्यांनी वह्या तपासायला काढल्या. हेच ते एक कुटुंब.

मी जाते म्हटलं. मोठं मन वगैरे काही नाही. चीड आली म्हणून.

१८ मार्च

गेले. उद्या पाडवा, सगळ्या घरांपुढे सारवण, शेठच्या घरापुढे नाही. आजीबाई खाटेवर, मला बघून भिंतीकडे कूस केली. श्रावणी ओसरीवर भांडी घासत. चौथीतली, गणितात पहिली पोरगी. मला बघून उभी राहिली, हात राखेचे.

शेठ आतून आला. बनियन, हाताला पीठ. आतून करपल्याचा वास.

"या टीचर, बसा."

"बसायला नाही आले. पोरीला शाळेत पाठवा."

"घरी पाहणारं कोणी नाई..."

"घरी पाहणारी मुधोळला आहे. तिला फोन करा. ती काही चोरी करून गेली नाही."

खाटेकडे बघितलं त्याने. आईने ऐकलं का याची खात्री करून, अगदी हळू, "चुकलं माह्यं."

"काय?"

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. परत म्हणाला. आणखी हळू.

एवढा मोठा माणूस स्वतःच्या ओसरीत कुजबुजत होता. माझी बॅग फेकली तेव्हा आवाज बेल्यापर्यंत गेला असेल. म्हटलं, "शेठ, तेव्हा पोरं होती समोर. मी हात जोडले ते सगळ्यांनी पाहिले. हे ओसरीत चालणार नाही. सोमवारी प्रार्थनेला या, पोरांपुढे म्हणा. आणि माझ्याआधी मंगलाला म्हणा."

"अन् नाई आलो त?"

खरंच विचारत होता. गुरगुरत नव्हता.

"नाही आले तर नका येऊ. पोरीला पाठवा. तिचा याच्याशी काही संबंध नाही."

निघताना श्रावणीने विचारलं, "टीचर, भागाकार पुढं गेला का?" थोडा गेला म्हटलं.

२० मार्च

आली. वेणी बापाने घातली असावी, एक कानापाशी, एक मानेपाशी. पोरी हसल्या. मी डोळे वटारले, हसू थांबलं.

माफीच्या वेळी स्वतःहून पुढे आली. पंखा नाही, सरळ माझ्याकडे बघत, "मले उपास होता हे मी टीचरले सांगितलं नाई. म्हून टीचरले बोलणे बसले."

म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही. जागेवर जा." आणि फळ्याकडे वळून फळा पुसत राहिले. फळ्यावर काही नव्हतं.

सात वर्षांची असताना जे झालं त्याची तिने माफी मागितली, मोठ्याने, वर्गापुढे. तिच्या बापाला दुकान, दुपट्टा, सरपंच, गाड्या सगळं लागतं आणि तरी ओसरीच्या बाहेर आवाज निघत नाही.

मंगलाचा अजून पत्ता नाही. फोन केला का त्याने, कोणाला विचारू? विचारलं नाही.

२३ मार्च

सोमवार. कोणाला काही सांगितलं नव्हतं. यांनाही नाही, सिस्टरलाही नाही. आला नाही तर माझंच हसू होईल, आणि ते सुख मी या गावाला देणार नाही.

प्रार्थना अर्ध्यावर आली तेव्हा गाडीचा आवाज. शेठ, गेटाबाहेर. पांढरे कपडे नाहीत, दुकानातला शर्ट. सोबत कोणी नाही. गाडीवर बसलेला, एक पाय जमिनीवर.

सि. रो. यांनी बघितलं, चेहरा लगेच फुलला, हात वर केला. मी त्यांचा हात धरून खाली केला. "बुलाओ मत, सिस्टर. आने दो." पहिल्यांदा माझं ऐकलं त्यांनी.

राष्ट्रगीत झालं. पोरं माना वळवून बघायला लागली. श्रावणीने वळून बघितलं नाही, पण तिला माहीत होतं, कान लाल झाले होते. रांगा सोडायच्या. सोडल्या नाहीत. म्हटलं, नवाचा पाढा म्हणा. म्हटला. बाराचा म्हणा. पोरं ओरडून म्हणत होती, गेटापर्यंत जावं असं.

गाडी चालूच. बंद करत नाही. निघतही नाही.

पंधराचा पाढा अर्ध्या पोरांना येत नाही, तिथे आवाज पडला. आता किती थांबवणार. वर्गात चला म्हटलं. आत आले, हजेरी घेतली, भागाकार काढला. श्रावणी हात वर करून उत्तर सांगत होती आणि बाहेर गाडीचा आवाज येतच होता.